पायातला पट्टा म्हणजे प्रोबेशन नव्हे

सध्या एक मजकूर गटागटांतून फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गुन्हा सिद्ध होऊनही कोर्ट ज्यांना तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, म्हणजे प्रोबेशनवर सोडतं, त्यांच्यावर लक्ष ठेवायला माणसं कशाला हवीत? पायात जीपीएस पट्टा बांधा, मोबाईलवर चेहरा दाखवून हजेरी घ्या, नियम मोडला की आपोआप नोटीस जाऊ द्या आणि पुन्हा गुन्हा कोण करणार ते एआयला सांगू द्या. पगार वाचतील, शिवाय यंत्र पैसे खात नाही. ‘जम्मू-काश्मीरमध्ये सुरू झालं, महाराष्ट्रात कधी?’ हा त्याचा शेवट.

माझ्या ओळखीच्या शहाण्यासुरत्या माणसांनी तो पुढे पाठवलाय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन बसलेय.

आधी जम्मू-काश्मीर. तिथे नोव्हेंबर 2023 मध्ये पट्टा बांधला तो दहशतवादाच्या खटल्यात जामिनावर सुटलेल्या आरोपीला. 2023 च्या आदर्श कारागृह कायद्यातही अशा उपकरणाचा उल्लेख आहे, पण तो तुरुंगातून रजेवर जाणाऱ्या कैद्यासाठी. प्रोबेशन ही तिसरीच गोष्ट. 1958 चा अपराधी परिविक्षा (म्हणजे प्रोबेशन) अधिनियम फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडत नाही. ज्यांना सोडतो, त्यांना तुरुंगात पाठवून आणखी बिघडवू नये म्हणून सोडतो. एकवीस वर्षांखालच्यांच्या बाबतीत तर कलम 6 मध्ये न्यायाधीशालाच सांगितलंय, की तुरुंगात पाठवायचं असेल तर कारणं लिहून ठेवा.

जामिनाच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने 8 जुलै 2024 ला स्पष्ट केलं, की पोलिसांना आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर सतत नजर ठेवता येईल अशी अट घालता येणार नाही. खटला फ्रँक व्हायटस यांचा होता आणि अट गूगल मॅपवर आपलं ठिकाण पोलिसांना दाखवत राहण्याची होती. पट्टा बांधा म्हणणाऱ्याने आधी या निकालाला उत्तर द्यावं.

आता हजेरी. सगळ्यात मोठी चूक इथे आहे, कारण हजेरी म्हणजेच देखरेख असं त्यात गृहीत धरलंय. 1958 च्या अधिनियमाच्या कलम 14 मध्ये परिविक्षा अधिकाऱ्याची कामं दिली आहेत: आरोपीची परिस्थिती आणि घरचं वातावरण यांची चौकशी करून कोर्टाला अहवाल देणं, देखरेखीखाली असलेल्यांना गरज पडेल तिथे काम मिळवून द्यायचा प्रयत्न करणं, कोर्टाने ठरवलेली नुकसानभरपाई फेडायला मदत करणं, सल्ला देणं. चेहरा दाखवून यातलं एकही काम होत नाही.

समाजकार्य शिकत असताना मी एका परिविक्षा अधिकाऱ्यांबरोबर गृहभेटींना जायची. एकोणीस वर्षांचा एक मुलगा, मोबाईलचोरीत दोषी ठरलेला, गॅरेजमध्ये हेल्पर होता. दर तारखेला वेळेवर यायचा, सही करायचा, जायचा. अॅप असतं तर हिरवी खूण मिळाली असती. त्याच्या घरी गेलो. सरांनी पाणी घेतलं, इकडचं तिकडचं बोलले. भिंतीवर दोन खिळे होते आणि त्यांच्या मधे रंगाचा उजळ चौकोन.

“ताई, टीव्ही दुरुस्तीला दिलाय का?”

आई काही बोलली नाही. मग पदराला हात पुसत म्हणाली, “यांनी विकला. पुन्हा सुरू झालंय त्यांचं.” पाठोपाठ बाकीचंही बाहेर आलं. मुलगा आठ दिवस गॅरेजला जात नव्हता. केसचं मालकाला कळलं आणि त्याने उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. पोरगं दिवसभर जुन्याच मित्रांत नाक्यावर बसून होतं. सर तिथून थेट गॅरेजवर गेले. मालकाशी तासभर बोलले, अर्धा वेळ तर गाड्यांबद्दलच. पुढच्या सोमवारी मुलगा कामावर होता. त्या उजळ चौकोनाची नोंद कुठल्या अॅपमध्ये झाली असती?

‘नियम मोडला की आपोआप नोटीस’ या मुद्द्यावर तर प्रत्यक्ष प्रयोग झालेत. अमेरिकेत नऊ राज्यांतल्या चौदा ठिकाणी कडक देखरेखीची तपासणी झाली आणि 1993 मध्ये निष्कर्ष आले. कडक देखरेखीतल्या 65 टक्के लोकांवर अटी मोडल्याची नोंद झाली, साध्या देखरेखीतल्या 38 टक्क्यांवर. नव्या गुन्ह्यांसाठी झालेल्या अटका मात्र कमी झाल्या नाहीत. म्हणजे जास्त पाहिलं तर जास्त चुका सापडल्या, गुन्हे तेवढेच राहिले. आपला कायदा इथे समंजस आहे. पहिल्यांदा अट मोडली तर कलम 9 नुसार न्यायाधीश पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवू शकतो. तारीख का चुकली, आजी दवाखान्यात होती की पोरगं टाळतंय, हे ठरवायला कुणीतरी विचारावं लागतं.

एआयचं मला सगळ्यात जास्त भय वाटतं. हे यंत्र पोलिसांच्या जुन्या नोंदींवरून शिकणार. आपल्याकडे 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण गावात चोरी झाली की पहिली गाडी आजही पारध्यांच्या पालावर जाते. भटक्या-विमुक्तांना मनमानी अटक करू नका, हे सर्वोच्च न्यायालयाला 3 ऑक्टोबर 2024 ला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना, पुन्हा सांगावं लागलं. ज्या पोराला संशयावरून पाचदा उचललं, त्याच्या पाच नोंदी यंत्राला पाच पुरावे वाटतील. अमेरिकेत अशाच एका गुणांकन प्रणालीची पत्रकारांनी 2016 मध्ये तपासणी केली. पुढे गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीयांना ‘धोकादायक’ ठरवण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघालं.

आणि यंत्र पैसे खात नाही? यंत्र ठेकेदार चालवतो. इंग्लंडमध्ये पट्ट्यांचा ठेका जीफोरएस आणि सर्को या खासगी कंपन्यांकडे होता. मेलेल्या, पुन्हा तुरुंगात गेलेल्या, देश सोडून गेलेल्या माणसांच्या देखरेखीचीही बिलं सरकारला लावल्याचं 2013 मध्ये उघड झालं आणि दोघांना मिळून सतरा कोटी पौंडांहून जास्त रक्कम परत करावी लागली.

मी संगणकाच्या विरोधात नाही. न्यूयॉर्क शहरात कमी धोक्याच्या लोकांना तळहात ओळखणाऱ्या यंत्रावर हजेरी लावायची सोय केली, ती अधिकाऱ्यांना अवघड माणसांसाठी वेळ मिळावा म्हणून. त्याच शहरात कोर्टाच्या तारखेची आठवण मोबाईलवर पाठवली, तर गैरहजेरी सुमारे पाचव्या हिश्शाने घटली. असा संदेश आपल्याकडे मराठीत, आदल्या दिवशी, कोर्टाचा मजला आणि खोली क्रमांकासकट गेला तर किती वॉरंट वाचतील!

आपल्याकडे परिविक्षा अधिकारी बाल न्याय मंडळाचंही काम बघतो. माझ्या त्या सरांच्या टेबलावर एकच नाव, पत्ता आणि केस नंबर रजिस्टरमध्ये, अहवालात, सोबतच्या पत्रात आणि मासिक तक्त्यात असा चार वेळा हाताने लिहिला जायचा. तुम्हाला संगणक मिळाला तर काय हवं, असं मी त्यांना एकदा एसटीत विचारलं होतं. म्हणाले, “हे एकदाच लिहायला लागू दे. आठवड्यातले दोन दिवस सुटतात माझे. तेवढ्यात आणखी चार घरं करून येईन.”