मांडीवरचं बाळ धडकेत धरून ठेवता येत नाही

परवा धाकटी बहीण घणसोलीहून ठाण्याला आली ती पुढच्या सीटवर, नऊ महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन, बेल्ट न लावता. मी रागावले तर म्हणते, "अगं ताई, काकांनी टाकलेला मेसेज वाचला नाहीस का?" वाचला ना. आमच्या तीन ग्रुपवर फिरतोय. शहरातल्या वेगाला बेल्ट लागत नाही, मागे बसणाऱ्याला तर मुळीच नाही, एअरबॅग असली की झालं, बेल्टमुळे माणूस आगीत किंवा पाण्यात अडकून मरतो, आणि मूल आईच्या मिठीतच सगळ्यात सुरक्षित, असं त्यात लिहिलंय.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण त्याने जीव जाईल.

गाडी ताशी 50 किलोमीटरने धावते तेव्हा आतलं बाळही त्याच वेगाने धावत असतं. गाडी डंपरवर आदळून थांबली म्हणून बाळ आपोआप थांबत नाही, त्याला कशाने तरी अडवावं लागतं. शाळेत सगळ्यांनी घोकलेला न्यूटनचा पहिला नियम आहे हा. अशा धडकेत गाडी साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात थांबते. तेवढ्यात 10 किलोचं बाळ धरून ठेवायचं तर हातांवर सुमारे 140 किलोचा ओढा येतो, म्हणजे तांदळाची 50 किलोची जवळजवळ तीन पोती. मायेने हाताला एवढं बळ येत नाही. शिवाय आईनेही बेल्ट लावलेला नसेल तर ती स्वतः पुढे फेकली जाते आणि बाळ तिच्या अंगाखाली डॅशबोर्डवर चेपलं जातं. दोघांना मिळून एकच बेल्ट लावला तरी तेच, आईचा भार बाळावर येतो आणि बेल्ट त्याच्या पोटात रुततो.

त्याच दिवशी येताना दिघ्याजवळ कुत्रं आडवं आलं आणि तिच्या नवऱ्याने करकचून ब्रेक मारला. मागच्या सीटवरच्या भाजीच्या पिशवीतला नारळ दोन सीटच्या मधून येऊन गिअरवर आपटला. गाडी कशालाही धडकली नव्हती. हे तिने स्वतः मला हसत हसत सांगितलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

शहरातला वेग म्हणाल तर ताशी 50 ने आदळणं म्हणजे सुमारे 10 मीटरवरून, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडणं. घोडबंदर रोडवर रस्ता मोकळा मिळाला की 50 ला कोण थांबतं?

मागे बसणाऱ्यांबद्दल तर हे लिहायची हिंमत होते कशी! 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी धडकली. मागचे दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनीच सांगितलं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात त्याच वर्षी बेल्ट न लावता गेलेले 16,715 जण नोंदलेत. त्यातले 8,331 गाडी चालवत नव्हते, नुसते बसलेले होते. मागच्या सीटवरही बेल्ट कायद्याने सक्तीचा आहे, 1000 रुपये दंड आहे.

एअरबॅग बेल्टच्या जोडीला असते, बेल्टच्या बदल्यात नाही. ती क्षणार्धात फुगून समोर येते आणि पुढच्या सीटवर मांडीवर बाळ असेल तर तो फटका आधी बाळाला.

आगीचं आणि पाण्याचं एवढं मान्य करते की बेल्ट अडकल्याचे प्रसंग घडतात, आणि धडकेत बेल्टने छातीवर वळ उठतो, कधी बरगडीही मोडते. पण अशा गाडीतून बाहेर पडायला माणूस शुद्धीवर लागतो. डोकं काचेवर आपटलेला माणूस दार उघडणार कसा?

बाळाला मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवायची खुर्ची मिळते. रविवारी मी ती घेऊन घणसोलीला येते आहे आणि बसवून दिल्याशिवाय परत जाणार नाही. काका, तुम्हीही या. तो मेसेज तेवढा आजच काढून टाका.