स्पोर्ट्स कारचा भाव नुसत्या किलोमीटरवर ठरवू नका

जुनी गाडी विकायला काढली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॉडेल कुठलं आणि चालली किती?" लगेच पुढचा: "लास्ट बोला." स्विफ्ट किंवा सिटीसाठी एवढं पुरतं. तशा गाड्या रोज विकल्या जातात, भाव सगळ्यांना माहीत असतो. पण ऑडी टीटी, पोलो जीटीआय, ऑक्टाव्हिया व्हीआरएस अशा स्पोर्टी गाड्यांनाही हीच फूटपट्टी लावली की ज्याने गाडी जिवापाड जपली त्याचंच नुकसान होतं. मला याचा मनापासून राग येतो.

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणारा माझा एक मित्र सध्या त्याची २०१६ ची टीटी विकतोय. एमएच ०४ पासिंग, पहिला मालक, ६० हजारांच्या वर चाललेली. एका डीलरने मीटर बघितला आणि तिथेच भाव पाडला. फाइल उघडलीसुद्धा नाही. त्या फाइलमध्ये एस ट्रॉनिक या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल ६० हजार किलोमीटरला बदलल्याचं बिल आहे, चारही चाकांना ताकद पोचवणाऱ्या हॅल्डेक्सच्या तेलाचं आहे, चार नव्या टायरचं आहे. उलट नेरुळला एका बेसमेंटमध्ये वर्षानुवर्षं उभी असलेली, जेमतेम चाललेली तशीच गाडी "लो रनिंग" म्हणून जास्त भावाला लागली आहे. तिच्या टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. ३४१६ असेल तर टायर २०१६ च्या ३४ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, सील सुकतात, पेट्रोल शिळं होतं. या दोघींतली एक निवडायची तर मी डोळे झाकून घोडबंदरची घेईन, आणि जास्त पैसे देऊन घेईन.

शिवाय आपण सगळे नुसत्या किलोमीटरला पैसे मोजतो, म्हणूनच मीटर मागे फिरवणाऱ्यांचं फावतं. सर्व्हिसच्या बिलांवर तारखेसकट रीडिंग असतं. अशी ओळीने लावलेली बिलं ही विकणाऱ्याच्या हातातली सगळ्यात मोठी ताकद आहे.

काय झालं होतं, तेही आपण होऊन सांगावं. आपल्याकडच्या खड्ड्यांत आणि स्पीडब्रेकरवर एवढ्या खाली बसलेल्या गाडीचा पुढचा बंपर घासणारच. दरवाजा किंवा फेंडर पुन्हा रंगवला असेल तर रंगाची जाडी मोजणारं यंत्र ते दाखवतंच. जाणकार माणूस सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचा डाग शोधतो, कारण पाण्यात बुडालेली गाडी इथे कुणालाच नको असते. आधी सांगितलेल्या दोषाचे थोडे पैसे जातात. लपवलेला सापडला की समोरच्याचा सगळ्याच गोष्टींवरचा विश्वास उडतो.

भाव सांगताना विम्याची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, पुढे करू नका. पाच वर्षांनंतर ती कंपनी आणि मालकाच्या संमतीने ठरते, बाजारभाव तिच्यात दिसत नाही. दुर्मीळपणा मात्र जरूर सांगा. ऑक्टाव्हिया व्हीआरएस २४५ च्या २०२० मध्ये भारतासाठी फक्त २०० गाड्या होत्या. टीटीचं उत्पादन तर २०२३ मध्ये जगभरातच थांबलं. गिऱ्हाईक कुठलं, यावरही भाव बदलतो. महाराष्ट्रातल्या माणसाला रोड टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही. बेंगळुरूच्या माणसाला इथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) घेऊन तिकडे कर भरावा लागतो, तो ते पैसे किमतीतून वजा करणारच. त्यात त्याचं काही चुकत नाही.

डीलर कमी देतो म्हणून तो लबाड, असंही मी म्हणणार नाही. त्याचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात, नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरायचा असतो. माझा विरोध आहे तो घरी येऊन एक आकडा सांगायचा आणि गाडी न्यायच्या दिवशी तो खाली आणायचा, या प्रकाराला. आकडा लेखी घ्या. पार्क अँड सेलला, म्हणजे कमिशनवर विकून देण्यासाठी डीलरकडे, गाडी ठेवत असाल तर कमिशन किती, गाडी कोण चालवणार आणि ठेवतानाचं रीडिंग काय, हे सगळं कागदावर हवं.

कागदांत तर अजिबात ढिलाई नको. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा कर्जाचा बोजा आधी काढून घ्या. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून कुणालाही देऊ नका. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. रेकॉर्डवर नाव तुमचं असेल तर अपघाताची भरपाई तुमच्या अंगावर येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर नवा मालक ही गाडी कशी पळवेल, याचा विचार करा. डीलरला देत असाल तर तो आरटीओकडे नोंदलेला आहे का ते बघा. एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला गाडी दिल्याची नोंद फॉर्म २९सी वर होते आणि तिथून पुढची जबाबदारी त्याची असते. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर जात नाही, तो तुमचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, नव्या गाडीच्या विम्यात चांगले पैसे वाचतात.

मित्राला मी थांबायला सांगितलं आहे. अशा गाडीचं गिऱ्हाईक आठवड्यात मिळत नाही, कधीकधी तीन-चार महिने लागतात, आणि हप्त्याची किंवा पार्किंगची घाई नसेल तर तेवढं थांबणं परवडतं. ठाण्यात किंवा नवी मुंबईत तुम्हीही अशी गाडी काढली असेल आणि कुणी घाईने होकार मागत असेल, तर टोकन घेण्याआधी मला मेसेज करा. बिलं घेऊन या, आपण बसून भाव काढू.