दुष्काळात चर्चची मदत: फिरत्या मेसेजला उत्तर

उन्हाळा लागला की जत, आटपाडी, माण अशा दुष्काळी तालुक्यांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: दुष्काळात चर्चवाले धान्य देतात ते फक्त बाटवायला, त्यांचा पैसा परदेशातून बेहिशेबी येतो आणि फुकट खाऊन माणसं आळशी होतात. भुकेल्या माणसाच्या ताटाबद्दल असं काही पुढे ढकलण्याआधी थोडी माहिती घ्यायला हवी होती.

आधी बाटवण्याचं. साताऱ्यात अमेरिकन मिशन १८७६ च्या मोठ्या दुष्काळाआधीपासून होतं. मिरजेत मिशनचे डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडलं. म्हणजे १८९६-९७, १८९९-१९०० आणि १९७२ हे सगळे दुष्काळ मिशनच्या डोळ्यांदेखत गेले. पोतंभर धान्यावर धर्म बदलत असता, तर आपले दुष्काळी तालुके कधीच ख्रिस्ती झाले असते. २०११ च्या जनगणनेत मुंबई-वसई धरूनही राज्यात ख्रिस्ती १ टक्क्याहून कमी आहेत. मिशनरी धर्मप्रचारासाठीच आले होते आणि त्यांनी ते कधी लपवलंही नाही. दुष्काळात पोरकी झालेली मुलं मिशनच्या अनाथाश्रमांत ख्रिस्ती म्हणून वाढली, हाही इतिहास आहे. पण १९९४ साली रेडक्रॉससोबत मदतकार्याची आचारसंहिता ठरली, तेव्हा ती तयार करणाऱ्यांत कॅरितास ही कॅथलिक चर्चची मदतसंस्था आणि जागतिक चर्च परिषदही होत्या. मदत गरज बघून द्यायची, धर्माच्या प्रचारासाठी वापरायची नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

मेसेजमध्ये पाण्याचा तर उल्लेखच नाही. शाळेपुढचा हातपंप आठवा: जाड लोखंडी खांब, लांब दांडा, आत साखळी. तो इंडिया मार्क टू. आधीचे ओतीव लोखंडाचे पंप एका घरापुरते होते. अख्खं गाव त्यावर पाणी भरायला लागलं की मोडायचे. दणकट पंपाचे सुरुवातीचे नमुने जालना आणि सोलापूर भागात मिशनच्या बोअरच्या कामांतून पुढे आले. सोलापूरच्या पंपावरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने मार्क टू घडला. दुष्काळी गावांत बायकांचे हंडे त्यावर भरले, आणि हा मेसेज लिहिणाऱ्याच्या घरीही ते पाणी गेलं असेल.

पैशाचं उत्तर छोटं आहे. परदेशी देणग्यांवर १९७६ पासून कायदा आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा प्रत्येक रुपया आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच जमा होतो, आणि कार्यालयीन खर्च २० टक्क्यांच्या वर नेता येत नाही. दरवर्षीचा हिशेब केंद्राकडे जातो.

आळशीपणाचा आरोप मला सगळ्यात जास्त लागतो. चर्चच्या संस्थांनी कामाच्या बदल्यात धान्य दिलंय, त्यातून विहिरी आणि बांध झाले. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी नगर भागात पाणलोटाचं काम उभं केलं, तेव्हा गावापुढे अट असायची: श्रमदान करा, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळा. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीचं माळरान त्यातूनच हिरवं झालं. भर उन्हात सीसीटी, म्हणजे पाणी अडवणारे सलग समतल चर, खोदणाऱ्याला आळशी म्हणायची हिंमत होते तरी कशी?

आणि एखाद्या गावात प्रार्थनेला बसल्याशिवाय खरंच पोतं मिळत नसेल, तर गाव आणि तारीख लिहून तहसीलदारांकडे तक्रार द्या. सही करायला मीही येतो.