‘टेस्ला आहे ना, मग रेकॉर्डिंग होतंच’: त्या फॉरवर्डचा एकेक मुद्दा

15 जुलै 2025 ला मुंबईत बीकेसीला टेस्लाचं शोरूम उघडलं आणि आपल्या मराठी ग्रुपांवर टेस्लाच्या ज्ञानाचा पूर आला. त्यातला एक मेसेज इतक्या वेळा समोर आलाय की आता उत्तर द्यायलाच हवं, कारण इकडे अमेरिकेत ज्यांच्याकडे खरंच गाडी आहे ती मंडळीही तो वाचून निर्धास्त बसलीयेत. थोडक्यात असा आहे: टेस्लाला वेगळा डॅशकॅम (रस्त्याचं रेकॉर्डिंग करणारा गाडीतला कॅमेरा) लागत नाही, आठ कॅमेरे चोवीस तास सगळं टिपतात, सगळं कंपनीच्या क्लाउडवर जातं आणि तिथे ते एकदम सेफ असतं, गाडीला कोणी हात लावला की चोराचा चेहरा तुमच्या मोबाइलवर, पेनड्राइव्ह कुठलाही चालतो, बॅटरी नावाला खर्च होते, आणि रेकॉर्डिंग दिसत नसेल तर कॅमेरा बिघडलाय, फॉरमॅट मारा नाहीतर सर्व्हिसला न्या.

यातलं एकही वाक्य धड खरं नाही, आणि एकही पूर्ण खोटंही नाही. असले अर्धवट मेसेजच जास्त पसरतात.

‘सगळं क्लाउडवर जातं.’ नाही जात. हा मुद्दा आधी घेतोय कारण बाकी सगळा घोळ इथूनच सुरू होतो. डॅशकॅमचं आणि सेंट्री मोडचं (उभ्या गाडीवर कॅमेऱ्याने पहारा ठेवण्याची सोय) रेकॉर्डिंग जातं गाडीत लावलेल्या यूएसबी ड्राइव्हवर, म्हणजे साध्या भाषेत ग्लव्हबॉक्समधल्या पेनड्राइव्हवर. तो पेनड्राइव्ह भरला, मेला, ढिला झाला किंवा कोणी काढून नेला की विषय संपला, वरती कुठे कॉपी बसलेली नाहीये. नव्या अपडेटनंतर प्रीमियम कनेक्टिव्हिटी, म्हणजे टेस्लाची पैसे भरून घ्यायची इंटरनेट सेवा, असेल तर क्लिप मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये बघता येतात, त्यामुळे लोकांना वाटतं की क्लाउडवरूनच येतंय, पण ती क्लिप अ‍ॅपला गाडीतल्या त्या पेनड्राइव्हवरूनच मिळते. खात्री पटत नसेल तर कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडचं उदाहरण घ्या. 2024 च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलने बातमी दिली होती की तिथले पोलीस गुन्ह्याच्या जागेजवळ उभ्या असलेल्या टेस्ला जप्त करून टो करायला कोर्टाचं वॉरंट घेतायत, गाडीतल्या कॅमेऱ्यात काही सापडलं तर मिळावं म्हणून. सगळं जर कंपनीच्या सर्व्हरवर पडलेलं असतं तर अख्खी गाडी उचलून न्यायची हौस कोणाला होती?

आता ‘सेफ असतं, तुमच्याशिवाय कोणी बघत नाही’ हे. पेनड्राइव्हपुरतं बरोबर. पण गाडीच्या सेटिंगमध्ये डेटा शेअरिंग म्हणून एक वेगळी गोष्ट असते, ती चालू असेल तर कॅमेऱ्याची काही दृश्यं कंपनीकडे जाऊ शकतात. 2023 च्या एप्रिलमध्ये रॉयटर्सने छापलं होतं की 2019 ते 2022 या काळात टेस्लाचे काही कर्मचारी ग्राहकांच्या गाड्यांच्या कॅमेऱ्यातले व्हिडिओ आणि फोटो आपसात फॉरवर्ड करत होते. म्हणजे क्लाउडवर असतं म्हणून सेफ असतं हे दोन्ही बाजूंनी फसलं: जे तुम्हाला हवंय ते वर जात नाही आणि जे वर जाऊ शकतं त्याबद्दल तुम्हाला पत्ता नाही. सेटिंगमध्ये जाऊन एकदा बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. आणि युरोपात राहणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा, नेदरलँड्सच्या डेटा संरक्षण यंत्रणेने 2023 मध्येच सांगितलंय की सेंट्रीने रस्त्यावरच्या लोकांचं जे चित्रण होतं त्याची कायदेशीर जबाबदारी गाडीच्या मालकाची, कंपनीची नाही.

‘आठ कॅमेरे चोवीस तास.’ गाडीला कॅमेरे आठ-नऊ असतील, पण फायली सगळ्यांच्या बनत नाहीत. जुन्या गाड्यांत चार: पुढचा, मागचा आणि दोन्ही फेंडरवरचे (पुढच्या चाकांजवळच्या पत्र्यावरचे). नव्या हार्डवेअरच्या गाड्यांत दारांमधल्या खांबांवरचे दोन मिळून सहा. आत बसलेल्यांचं चित्रण डॅशकॅमच्या फायलीत येत नाही, आणि आवाजही नाही, त्यामुळे ‘समोरच्याने काय शिव्या दिल्या ते पुरावा म्हणून देतो’ म्हणणाऱ्यांनी तो विचार सोडून द्या. चोवीस तास तर नाहीच. गाडी चालू असताना जे सतत रेकॉर्ड होतं ते ‘रिसेंट क्लिप्स’ मध्ये जातं आणि ते पुसत पुसत पुढे जातं, बरीच वर्षं तर फक्त शेवटचा एक तास राहायचा, आता मोठा पेनड्राइव्ह असेल तर जास्त राहतं. मुद्दा असा की हायवेवर कोणी कट मारला आणि तुम्ही ‘घरी जाऊन बघू’ म्हणून दोन तास गाडी चालवत आलात तर जुन्या सेटअपवर ते केव्हाच पुसलं गेलेलं असतं. तिथल्या तिथे स्क्रीनवरचं कॅमेऱ्याचं चिन्ह दाबा किंवा सेटिंग करून ठेवलं असेल तर हॉर्न वाजवा, मग शेवटची दहा मिनिटं ‘सेव्हड क्लिप्स’ मध्ये जातात आणि तुम्ही पुसेपर्यंत राहतात. हॉर्नचं सेटिंग मी तरी सगळ्यांना चालू ठेवायला सांगतो, आपल्या हाताला तशीही हॉर्नची सवय असतेच.

मोठी धडक बसली, एअरबॅग उघडल्या तर गाडी आपणहून सेव्ह करायचा प्रयत्न करते हे खरं, पण त्यावर विसंबू नका असं कंपनीच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय.

‘हात लावला की चोराचा चेहरा मोबाइलवर.’ हे सिनेमातलं झालं. सेंट्री मोड 2019 च्या फेब्रुवारीत आला, आणि तो पायऱ्या-पायऱ्यांनी चालतो. कोणी जवळ घुटमळलं की स्क्रीनवर ‘तुमचं रेकॉर्डिंग चालू आहे’ छापाचा इशारा येतो आणि क्लिप बनते, पण मोबाइलवर काही येत नाही. काच फोडण्यासारखं मोठं काही झालं तर अलार्म वाजतो आणि तेव्हा नोटिफिकेशन येतं, तेही गाडीला नेटवर्क असेल तर, तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी असेल तर राम राम. लाइव्ह कॅमेरा बघायचा तर प्रीमियम कनेक्टिव्हिटी हवी, अमेरिकेत महिना 10 डॉलरच्या आसपास. आणि धाक बसतो म्हणाल तर सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहणाऱ्या कोणालाही विचारा. तिथे ‘बिपिंग’ म्हणतात त्या प्रकारात चोर मागची छोटी तिकोनी काच फोडतो, हात घालून सीट पाडतो, डिकीत बॅग आहे का बघतो आणि निघतो, पापणी लवायच्या आत. तोंडावर मास्क, डोक्यावर हुडी. क्लिप अगदी सुरेख मिळते, बॅग मिळत नाही.

शिवाय जुन्या गाड्यांच्या कॅमेऱ्यांचं रिझोल्यूशन 1280 बाय 960 एवढंच आहे. दिवसा, जवळून, नंबरप्लेट वाचता येते. रात्री समोरच्याचे हेडलाइट चालू असले की प्लेटच्या जागी पांढरा चौकोन. आणि उलटा त्रास असा की पार्किंगमध्ये शॉपिंग ट्रॉली हळूच घासून गेली तर ती कधीकधी घटना म्हणून नोंदलीच जात नाही, म्हणजे दारावर चरा आहे आणि क्लिप मात्र शेजारून गेलेल्या मांजराची.

अजून एक, ‘घराजवळ वगळा’ असं सेंट्रीत सेटिंग आहे, घर, ऑफिस आणि आवडत्या जागा. ते आपणच पहिल्या दिवशी चालू करतो आणि विसरतो. मग घरासमोर गाडीला कोणीतरी ठोकून गेलं की ‘सेंट्री फेल गेला’. फेल नाही गेला, तुम्हीच सुट्टी दिली होती.

‘बॅटरी नावाला खर्च होते.’ इथे गणितच करू. सेंट्री चालू असताना गाडी झोपत नाही, कॉम्प्युटर आणि कॅमेरे जागे राहतात, त्याला साधारण 200 ते 300 वॅट लागतात. 250 धरा, 24 तासांचे झाले 6 युनिट. 75 युनिटच्या बॅटरीतून रोजचे 8 टक्के गेले, गाडी जागची न हलता. आता आपल्या लोकांचा नेहमीचा कार्यक्रम घ्या, गणपतीला नाहीतर डिसेंबरात तीन आठवडे भारतात जायचं, गाडी एअरपोर्टच्या लाँग टर्म पार्किंगला 90 टक्क्यांवर लावायची, सेंट्री चालू ठेवून विमानात बसायचं. बॅटरी 20 टक्क्यांच्या खाली आली की सेंट्री आपोआप बंद होतो. 90 ते 20 म्हणजे 70 टक्के, साधारण 52 युनिट, म्हणजे नवव्या दिवशी पहारा संपला. उरलेले बारा दिवस रेकॉर्डिंग शून्य, आणि परत येऊन जेट लॅगमध्ये पहिलं काम चार्जर शोधायचं. एवढ्या लांबच्या पार्किंगसाठी सेंट्री बंद ठेवा आणि गाडीत काही ठेवू नका, हे माझं स्पष्ट मत.

‘कुठलाही पेनड्राइव्ह चालतो.’ सगळ्यात जास्त गाड्या इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर. गाडीला हवाय किमान 64 जीबी आणि सलग 4 एमबी प्रति सेकंद लिहिण्याचा वेग. ऐकायला हे काहीच नाही वाटत, पाकिटावर 100 लिहिलेलं असतं, पण तो बहुतेक वाचण्याचा वेग असतो, आणि स्वस्तातला पेनड्राइव्ह पहिली काही मिनिटं जोरात लिहून मग मान टाकतो. गाडी एकाच वेळी चार-सहा फायली लिहीत असते, तासन् तास, उन्हात तापलेल्या ग्लव्हबॉक्समध्ये. कॉन्फरन्समध्ये फुकट मिळालेल्या पेनड्राइव्हचं ते काम नव्हे. ‘हाय एन्ड्युरन्स’ (म्हणजे सतत लिहिणं सोसणारं) लिहिलेलं मेमरी कार्ड रीडरमध्ये घालून लावा नाहीतर छोटी एसएसडी लावा, आणि त्यावर गाणी ठेवू नका. 2 टीबीचा ड्राइव्ह कवडीमोलात मिळतोय म्हणून ऑनलाइन मागवणाऱ्यांना तर हात जोडतो, त्यात आत छोटी चिप आणि बाहेर मोठा आकडा असला प्रकार असतो, तो भरला की जुनं सगळं कचरा होतं.

मग फॉरमॅट, म्हणजे ड्राइव्हवर फायली मांडायची पद्धत. एक्सफॅट चालतं, फॅट32 चालतं, लिनक्सवाल्यांचं ईएक्सटी4 चालतं, एनटीएफएस चालत नाही. विंडोजवर मोठा ड्राइव्ह फॉरमॅट करताना घाईत एनटीएफएस निवडलं जातं आणि गाडीला तो ड्राइव्ह दिसतच नाही. ड्राइव्हवर टेस्लाकॅम नावाचं फोल्डर लागतं, इंग्रजीत एकच शब्द, टी आणि सी कॅपिटल, दुसऱ्या कुठल्या फोल्डरच्या आत नाही तर थेट मुळाशी. हे सगळं नको असेल तर गाडीतच कंट्रोल्समध्ये सेफ्टीखाली फॉरमॅटचं बटण आहे, ते सगळं नीट करून देतं.

आणि पोर्ट. साधारण 2021 च्या नोव्हेंबरनंतर बनलेल्या बऱ्याच गाड्यांत पुढच्या कन्सोलमधले यूएसबी पोर्ट फक्त चार्जिंगचे आहेत, डेटा जातच नाही. पेनड्राइव्ह ग्लव्हबॉक्समध्येच लावायचा. मोबाइल चार्ज होतो म्हणजे पोर्ट चालू आहे असं समजून लोक तासभर डोकं खाजवत बसतात.

आता शेवटचं, ‘रेकॉर्डिंग दिसत नसेल तर कॅमेरा बिघडलाय, फॉरमॅट मारा.’ कॅमेरा बिघडला तर गाडी स्वतःच कोकलते, ऑटोपायलट बंद पडतो, रिव्हर्सला चित्र येत नाही. ते सगळं नीट असेल तर कॅमेऱ्याच्या मागे लागू नका. स्क्रीनवरचं डॅशकॅमचं चिन्ह बघा. लाल ठिपका असेल तर रेकॉर्डिंग चालू आहे. राखाडी असेल तर तुम्हीच थांबवलंय. फुली असेल किंवा चिन्हच नसेल तर पेनड्राइव्ह काढून कॉम्प्युटरला लावा आणि वर सांगितलेलं एकेक तपासा, फॉरमॅट, फोल्डर, जागा, वेग. काढताना आधी ते चिन्ह दाबून धरा, राखाडी झालं की मगच ओढा, नाहीतर अर्धी लिहिलेली फाइल तुटते. सगळं बरोबर असूनही चालत नसेल तर स्टिअरिंगवरची दोन्ही स्क्रोल बटणं स्क्रीन काळी होईपर्यंत दाबून ठेवा, स्क्रीन रीस्टार्ट होते आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. सर्व्हिसला जायचं ते दुसरा, चांगला पेनड्राइव्ह लावूनही फुली राहिली तर.

कॉम्प्युटरवर उघडलंत की रिसेंट, सेव्हड आणि सेंट्री असे तीन फोल्डर दिसतील, आत तारीख-वेळेच्या नावाने, साधारण एकेक मिनिटाची, प्रत्येक कॅमेऱ्याची वेगळी एमपी4 फाइल. सेव्हड आणि सेंट्रीत प्रत्येक घटनेच्या फोल्डरमध्ये इव्हेंट नावाची एक छोटी जेसन फाइल असते, ती नोटपॅडमध्ये उघडा. त्यात वेळ, शहर, अंदाजे अक्षांश-रेखांश आणि कारण लिहिलेलं असतं, तुम्ही चिन्ह दाबलं, हॉर्न वाजवला का सेंट्रीला काही हललेलं दिसलं ते. इन्शुरन्सवाल्याला क्लिप देताना लोक फक्त एक व्हिडिओ मोबाइलवर शूट करून पाठवतात, तो धुरकट दिसतो. अख्खं फोल्डरच द्या.

आणि अपघातानंतर फॉरमॅटच्या बटणाला हातही लावू नका. नेमकं हवं असलेलं मिनिटच बऱ्याचदा उघडत नाही, कारण धडकेत वीज गेली आणि ती फाइल बंदच झाली नाही. अशा वेळी तो पेनड्राइव्ह परत गाडीत लावायचा नाही, लावला की गाडी त्यावर नवीन लिहायला लागते आणि खालचं दबून जातं. आधी कॉम्प्युटरवर आहे ते सगळं कॉपी करा, मग फोटोरेकसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने पुसलेल्या फायली शोधा, सापडलेलं सगळं दुसऱ्या ड्राइव्हवर सेव्ह करा. गाडीत तोवर नवा पेनड्राइव्ह लावा.