फोन माझा, किल्ली कंपनीची

पूर्ण किंमत मोजून, रीतसर पावती घेऊन कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतून आणलेल्या माझ्या फोनमध्ये कंपनीने रमी, कर्ज देणारे एक ॲप आणि स्वतःचे दुकान आधीच बसवून ठेवले होते. त्यांना काढायला जावे, तर अनइन्स्टॉलचे बटणच सापडेना. घर माझे, घरपट्टी मी भरायची आणि माडीवर मात्र कंपनीने आणून बसवलेले, भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेले भाडेकरू, असा तो मामला होता. त्यात पुढे कंपनीने फोनचे अपडेटही बंद केले. जाहिराती तेवढ्या नेमाने येत राहिल्या.

इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने निदान केले, "मामा, नुसती ॲप घालवायची तर कॉम्प्युटर जोडून कमांड दिली की भागतंय. पर नवीन अँड्रॉइड पायजे असंल तर बूटलोडर, म्हंजे फोन सुरू करणारा प्रोग्रामच, अनलॉक कराय लागतोय."

या उद्योगाला मोठी परंपरा आहे. २००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा त्यात बाहेरचे ॲप टाकण्याची सोयच नव्हती, म्हणून लोकांनी काही आठवड्यांतच त्याचे कुलूप फोडले. पुढे २०१० साली अमेरिकेत अशा जेलब्रेकिंगला कॉपीराइट कायद्यातून सूट मिळाली आणि ती दिली लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ग्रंथपालांनी. आमच्या करवीर नगर वाचन मंदिरात फोनची तक्रार घेऊन जावे, असे मला आजवर कधी सुचले नव्हते.

भाच्याने सेटिंगमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारायला लावली, तशी 'आता तुम्ही डेव्हलपर आहात' अशी घोषणा फोनने केली. ज्या पदवीसाठी भाच्याचे वडील चार वर्षे फी भरत आहेत, ती मला चहा निवायच्या आत मिळाल्याने त्याचा चेहरा थोडा उतरला. मग कंपनीकडे परवानगीचा अर्ज केला, तेव्हा १६८ तास थांबा, असे उत्तर आले. सात दिवस असे सरळ न म्हणता तास सांगितले, की गिऱ्हाईक आपणहून घाबरून माघार घेते, असा त्यामागचा हिशेब असावा. मुदत संपल्यावर आवाज कमी करण्याचे आणि पॉवरचे बटण एकत्र दाबून धरले, केबल जोडली आणि काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांत 'फास्टबूट' आणि 'अनलॉक' हे शब्द टंकून भाच्याने फोन कोरा केला. अनलॉक करताना आतला सगळा मजकूर पुसला जातो, म्हणून फोटो आधीच दुसरीकडे साठवून ठेवले होते. त्यावर लिनेजओएस, म्हणजे हौशी मंडळींनी बनवलेली अँड्रॉइडचीच आवृत्ती, चढवल्यावर जुना फोन तालमीतून आल्यासारखा चपळ झाला.

आता फोन सुरू करताना दर वेळी 'या उपकरणावर विश्वास ठेवू नका' अशा अर्थाची सूचना झळकते. बायकोने ती मोठ्याने वाचून माझ्याकडे पाहिले. ते एक वेळ चालले असते, पण बँकेच्या ॲपनेही तेच मत बनवले आणि 'सुरक्षेच्या कारणास्तव' उघडायलाच नकार दिला. कंपनीचे कुलूप जिथे नाही तिथे चोर शिरला असणार, असा बँकेचा तर्क असून कुलूप खुद्द घरमालकाने काढले असेल, ही शक्यता तिच्या खिजगणतीतही नाही. मॅजिस्क नावाच्या साधनाने बँकेपासून हे लपवता येते, असे भाचा म्हणतो; ॲप सुधारले की लपवण्याची नवी युक्ती शोधावी लागते, हेही तोच सांगतो.

रविवारी मिसळ खाऊन झाल्यावर क्यूआर कोडसमोर उभा राहून मी हा सगळा तात्त्विक पेच हॉटेलमालकांना सविस्तर समजावून सांगितला. त्यांनी मन लावून ऐकले आणि म्हणाले, "सर, फोन तुमच्या मालकीचा झाला, लई भारी झालं. कटाचं धरून रोख द्या आता."