साखर ओळखणारं जेल: व्हॉट्सॲपवरच्या त्या मेसेजला उत्तर

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या औषधांच्या दुकानात या आठवड्यात तिघांनी मोबाइल पुढे केला. मेसेज एकच : ‘स्मार्ट हायड्रोजेल बाजारात आले. दंडात एकदा टोचा, साखर वाढली की इन्सुलिन आपोआप सुटेल. जन्मभर सुई नको. कंपन्या हे लपवतात.’ तिसरी एक आई होती. मुलगा नऊ वर्षांचा, टाइप १ मधुमेह. म्हणून लिहायला बसलो.

‘आपोआप सुटेल.’ प्रयोगशाळेत हे खरं आहे. हायड्रोजेल म्हणजे पाणी पिऊन फुगणारं जाळं. भिजवलेल्या सब्जाभोवती धरतं तसं. या जेलमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) बसवतात. ते साखरेचं आम्ल करतं, आम्लामुळे जाळं फुगतं, छिद्रं मोठी होतात आणि इन्सुलिन बाहेर पडतं. पण साखर उतरल्यावर ते तितक्याच लवकर थांबायलाही हवं ना? फुगलेलं जेल आकसायला वेळ घेतं. तेवढ्यात इन्सुलिन झिरपत राहिलं तर साखर धोकादायक खाली जाते, माणूस बेशुद्ध पडतो. शिवाय त्या विकराला ऑक्सिजन लागतो, आणि कातडीखाली तो बेताचाच. खरं घोडं इथे अडलंय.

‘जन्मभर.’ जेलमध्ये भरलेलं इन्सुलिन कधीतरी संपणारच. त्यात इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन. शरीराच्या ३७ अंशांत महिनोन्‌महिने राहिलं की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून निकामी होतात. तुलनेला हे बघा : अकाली वयात येणाऱ्या मुलांसाठी हिस्ट्रेलिन या औषधाचं हायड्रोजेल रोपण अमेरिकेत २००७ मध्ये मंजूर झालं. ते दंडातच बसवतात, पण १२ महिन्यांनी काढावं लागतं. हिस्ट्रेलिनचा रेणू अवघ्या नऊ अमिनो आम्लांचा, आणि ते रोपण काहीही ओळखत नाही, फक्त संथ झिरपतं.

‘कंपन्या लपवतात.’ १९८०च्या दशकापासून यावर उघड शोधनिबंध छापले जाताहेत.

‘बाजारात आले.’ नाही. साखर ओळखून इन्सुलिन सोडणारं जेल रुग्णांसाठी अजून मंजूर झालेलं नाही.

टाइप १ मध्ये शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळपास बनवतच नाही. सुईतून घेतलेलं इन्सुलिन एक-दोन दिवस बंद केलं तरी रक्तात कीटोन नावाची आम्लं साचून जीव धोक्यात येतो. त्या ताईंना हेच सांगितलं, आणि एक आणखी : नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा हातातली इन्सुलिनची कुपी उन्हातून नेऊ नका, बर्फालाही टेकवू नका. फ्रिज नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात ठेवा, पण पाण्यात बुडवू नका.