गलांडा ‘भारतीय’ कसा झाला?

दसरा-दिवाळी जवळ आली की एक संदेश फिरायला लागतो. खाली लाल-पिवळ्या गलांड्याचा फोटो आणि वर मजकूर: ‘हे अस्सल भारतीय फूल. इंग्रज याला इंडियन ब्लँकेट, म्हणजे भारतीय गोधडी म्हणत. गलांडा हे प्राचीन नाव. गळ्यातल्या हारावरून पडलेलं. परदेशी असतं तर देवाला चाललं असतं का?’

आधी ‘इंडियन’चं बघू, सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. कोलंबस 1492 मध्ये अमेरिकेच्या बेटांवर उतरला आणि आपण हिंदुस्थानच्या बाजूला पोचलो अशा समजुतीने तिथल्या लोकांना ‘इंडियन’ म्हणू लागला. चूक कळली, नाव राहिलं. इंडियन ब्लँकेटमधले इंडियन ते, अमेरिकेचे मूळ रहिवासी. त्यांच्या भडक, नक्षीदार चादरींसारखी ही फुलं दिसतात म्हणून हे नाव. टेक्सास, ओक्लाहोमा, उत्तर मेक्सिको हे या झाडाचं माहेर. ओक्लाहोमाने तर 1986 मध्ये त्याला आपलं राज्य रानफूल केलं. तिकडे त्याचं दुसरं नाव आहे फायरव्हील. आपण ज्याला भुईचक्र म्हणू तसंच दिसतं ते: मधे तांबूस काळपट गोंडा, भोवती लाल पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीच्या पिवळ्या टोकाला तीन दात.

गलांड्याचा गळ्याशी संबंध नाही. अठराव्या शतकात फूजरू या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने हे नाव ठेवलं, ते गेयार द शारांतोनो या न्यायाधीशाच्या मानार्थ. झाडाझुडपांच्या अभ्यासाला मदत करणारा गृहस्थ होता. गेयारचं स्पेलिंग इंग्रजी वळणाने वाचलं की ‘गॅलार्ड’ होतं, त्याचं गॅलार्डिया, आणि आपल्या बाजारात गलांडा. स्टेशनचं ठेसन करणाऱ्या जिभेला हे काही जड नाही.

देवाचं म्हणाल, तर झेंडू मेक्सिकोकडचा. निशिगंध मेक्सिकोचा. देवळापुढचा पांढरा चाफाही अमेरिकेतूनच आलेला. हे तिघे काढून टाका आणि मग हार ओवून दाखवा.

संदेशाच्या शेवटी ‘कमी पाण्यात येतो, म्हणजे आपल्याच मातीतला’ असंही असतं. कमी पाण्यात येतो हे खरं. पण ही सवय त्याला तिकडच्या कोरड्या, रेताड माळांनी लावलेली आहे. आपल्या दुष्काळी पट्ट्यात ती शेतकऱ्याच्या कामी आली, इतकंच.

आणि ती गोधडी. गोधडी शिवतात, घोंगडी विणतात. त्या चादरी विणलेल्या असत. भाषांतर करायचंच होतं, तर निदान घोंगडी तरी म्हणायचं.